गोदीला न चालणारे दाणे

तिवशाहून माणूस सायकलवर आला तेव्हा मी वलगावच्या मळ्यात बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होतो. पाणीही न पिता तो म्हणाला, "भाऊ, गोदीबाई गेल्या. बारशाच्या जेवनात..." पुढचं मला विचारावं लागलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला काय नेईल, हे आमच्या घराला ती लहान असल्यापासून ठाऊक होतं.

तेव्हा तिने मळ्यातल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा खाल्ल्या होत्या. घटकाभरात ओठ सुजले, अंगभर लाल गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. शेजाऱ्यांनी नजर उतरवली. पुन्हा तसंच झालं तेव्हा वडिलांनी तिला अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, एखाद्या शरीराला एखादा जिन्नस विषासारखा बाधतो. औषध एकच, तो तोंडात जाऊ द्यायचा नाही. आईने त्यानंतर घरात दाणे आणले नाहीत.

लग्न होऊन गोदी अकोल्याला गेली. सासूबाईंना हे नखरे वाटले. "सून हाय का राजकन्या?" असं म्हणत त्यांनी एकदा वांग्याच्या भाजीत मुद्दाम चिमूटभर दाण्याचा कूट घातला... गोदी चुलीपाशीच कोसळली. कशीबशी वाचली. पण सासूबाई तेव्हापासून बदलल्या. घरात शेंगदाण्याचं तेल चाले, म्हणून सुनेसाठी जवसाच्या तेलाची वेगळी बुधली ठेवली. कुठेही पंगतीला बसताना सुनेच्या ताटातलं आधी स्वतः चाखायच्या. दोघींचं एरवी फार बोलणं नसे, तरी गोदी मला म्हणाली होती, "दादा, मायपेक्षा जास्त जपते मले."

तिवशाला नात्यातल्या बारशातही सासूबाईंनी विचारलं होतं, चटणीत दाणे आहेत काय? वाढणारी खरं तेच बोलली, "नाई जी, निरी तिळाचीच हाय." पण त्याच पाट्यावर आधी दाणे वाटले होते, आणि पाटा नुसता पुसून घेतला होता. गोदीने दुसरा घास घेतलाच नाही. गळा धरला, सासूबाईंकडे पाहिलं... महायुद्धामुळे मोटारीला पेट्रोल मिळेना, म्हणून बैलांची दमणी जुंपली. अमरावतीच्या वाटेवरच, सासूबाईंच्या मांडीवर, तिचा श्वास थांबला.

परवा अकोल्याला गेलो. स्वयंपाकघराच्या फळीवर गोदीची जवसाच्या तेलाची बुधली होती, गळ्याला लाल दोरा बांधलेली, काठोकाठ भरलेली. त्या घरात ते तेल दुसरं कोणी खात नाही.

"माय, हे काहून भरलं?" मी विचारलं.

सासूबाईंनी बुधलीचा लाल दोरा सारखा केला.

"रिकामी पायवत नाई रे, भाऊ..."