बकरीचं तिकीट

सिंगापुरात मुलांना मराठी गोष्टी सांगायची टूम मी काढली तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. नोकरी वाचनालयात, तिथे सगळा इंग्रजी कारभार. म्हणून हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलभर मराठी पुस्तकांची कपाटं केली आणि शनिवारी संध्याकाळी पोरं जमवायला लागले. एक वाक्य मराठीत, लगेच तेच इंग्रजीत, ही माझी पद्धत. आया म्हणायच्या, "ताई, इंग्रजी नसेल तर ही बसायचीच नाहीत हो." म्हटलं, असू दे, निदान मराठी कानावर तर पडेल.

कानावर पडतंय, डोंबल! माझं मराठी वाक्य सुरू झालं की पोरं पाण्याच्या बाटल्या उघडतात, एकमेकांना ढोसतात. इंग्रजी आलं की सगळी चिडीचूप. पुस्तकं आया हौसेनं नेतात आणि न उघडताच परत आणतात. चिडचिड होते माझी, पण चिडू कोणावर? शनिवार आला की पुन्हा सतरंजी अंथरते.

मध्यंतरी सिंगापुरातल्याच पासिर रिसहून एक आजोबा नातीला घेऊन यायला लागले. साताऱ्याकडे एसटीत कंडक्टर होते, इथे मुलाकडे आले होते. गुडघे पार गेलेले. बुधवारी परत निघायचे होते आणि हा प्रवास पुन्हा झेपणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याआधीच्या शनिवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, माझी बकरीची एक गोष्ट आहे. डेपोत मी ती सांगायला लागलो की माणसं चहा टाकून ऐकायची. जायच्या आधी नातीला एकदा माझ्या तोंडून ऐकवायची आहे. घरी ती माझ्यापाशी टेकत नाही. तुमच्याकडे बसते."

मी लगेच म्हटलं, "काका, आज तुम्हीच सांगा. इंग्रजी बंद. मी तोंडच उघडणार नाही."

आजोबा खुर्चीत ताठ बसले. नात अगदी पुढ्यात. "एक बाई बकरी घेऊन गाडीत चढली," ते म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे बघत राहिले. इतके शनिवार मला बघून त्यांची समजूत झाली होती की गोष्ट अशीच सांगतात, एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. पोरांनीही माना माझ्याकडे वळवल्या. मी हातानंच खूण केली, चालू द्या.

त्यांनी चालू दिलं. बाईशी हुज्जत घालून यांनी बकरीचं तिकीट फाडलं, बकरीनं ते तिथेच खाल्लं, आणि पुढच्याच थांब्यावर तपासनीस चढला. आजोबा बाईचा आवाज काढत होते, तपासनिसाचा काढत होते, बकरीचाही काढला. आणि प्रत्येक वाक्यामागे थांबत होते. मागे बसलेल्या आयांची हसून मुरकुंडी वळली. पोरं मोजे ओढत होती. नात मात्र हलली नाही. शहाण्यासारखी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"साहेब, तिकीट आहे, पण ते बघायला बकरी कापावी लागेल!" आजोबा स्वतःच हसत सुटले, डोळे पुसले आणि नातीकडे बघितलं.

ती मला म्हणाली, "आंटी, व्हेन आर यू स्टार्टिंग?"

आजोबांना ते कळलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो ताई, सांगा की आता तुमचं. पोरं खोळंबलीत."

काय करणार होते मी? सांगितली. बाई, बकरी, तपासनीस, सगळं इंग्रजीत. माझ्याच घरात माझ्याच तोंडानं. पोरं गडाबडा लोळली. नात तर टाळ्या पिटत उठली, धावत येऊन माझ्या गळ्यात पडली आणि सिंगापुरी हेलात ओरडली, "सो फनी लाह, आंटी! युअर स्टोरी इज द बेस्ट!"

तिच्या खांद्यावरून मला आजोबा दिसत होते. इतका खूष माणूस मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"बघा," ते म्हणाले, "आवडली की नाही तिला माझी गोष्ट? काय म्हणतेय ती?"

"तुमचंच कौतुक करतेय, काका," मी म्हटलं.