घरी पोचल्यावर

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसने कामाचा थकवा मोजायचा फॉर्म वाटला. पहिलाच प्रश्न होता, 'घरी पोचल्यावर गळून गेल्यासारखं वाटतं का?' मी लगेच 'रोज'वर खूण केली. शेजारच्या टेबलावर देशमुखबाई संध्याकाळसाठी मेथी निवडत होत्या. पेन उचलून त्या अडल्या.

"घरी पोचल्यावर म्हणजे कधी धरायचं हो? चपला काढल्यावर, की ओटा पुसून झाल्यावर?"

मी चपला काढतो आणि आडवा होतो. थकवा जाणवायला मला सवड असते.

बाईंनी 'कधी कधी'वर खूण केली. फॉर्म मीच गोळा केले. कागदावर बाईंपेक्षा मी कितीतरी जास्त थकलेलो निघालो. त्यांच्या खुणेशेजारी बोटाचा हिरवट डाग उमटला होता.

थकवा मोजून झाला. मेथी अजून अर्धी निवडायची होती.