पुतळ्यातले कोच जाडे नव्हते

दोन हजार चारच्या सुमारास नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही नागपूरहून अमेरिकेतल्या श्रूजबरीला आलो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. त्यामुळे मी पोळ्या लाटायचे आणि खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंच्या गप्पा ऐकत बसायचे. बाई नव्वदीला टेकलेल्या, पण जीभ तरतरीत. मी त्यांना आजी म्हणायचे.

त्यांचे वडील जवळच्याच एका छोट्या कॉलेजचे पहिले अमेरिकन फुटबॉलचे कोच. मुळात ते लॅटिन शिकवायला आलेले. आवाज दणदणीत, म्हणून प्रिन्सिपॉलांनी मैदानावर पिटाळलं.

"खेळाचे नियम त्यांना मुलांनीच शिकवले," आजी म्हणाल्या.

त्या काळी हा खेळ म्हणजे एकमेकांना तुडवणं. मुलांची हाडं मोडू नयेत म्हणून कोचसाहेबांनी घरातल्या उशा फाडल्या आणि कापूस मुलांच्या शर्टांत भरला. पुढे नियम बदलला, बॉल हाताने पुढे फेकायची परवानगी मिळाली. बाकीच्या कोचांना ते बायकी वाटलं. यांनी मुलांकडून तेच घटवून घेतलं आणि मोठमोठ्या कॉलेजांना धूळ चारली.

मग एका ट्रस्टींच्या ढिम्म मुलाला त्यांनी टीममध्ये घेतलं नाही. ट्रस्टी जाब विचारायला आले, तेव्हा त्यांना लॅटिनमध्ये शिवी हासडली. दुर्दैवाने ट्रस्टींना लॅटिन येत होतं. नोकरी गेली. कोचसाहेब नंतर जन्मभर एका शाळेत व्याकरण शिकवत राहिले.

आणि आता त्याच कॉलेजला त्यांचा पुतळा उभारायची हुक्की आली होती.

"शनिवारी पुतळा बघायला? सीरियसली यार?" नवरा कुरकुरला, पण गाडी त्यानेच काढली.

पडदा सरकला. आत एक सडपातळ गृहस्थ, हनुवटी वर, निवडणुकीला उभे असल्यासारखे.

"हा कोण?" आजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

कॉलेजच्या अध्यक्षांनी घाईघाईने माइक त्यांच्याच हातात दिला. तिथे ते फसले.

"माझे बाबा जाडे होते," आजी म्हणाल्या. "तुम्ही त्यांना हाकललंत, ते या पाटीवर दिसत नाही. आणि बॉल फेकायचं तंत्र माझ्या आईचं. भांडण झालं की ती हाताला येईल ते फेकायची, नेम चुकायचा नाही. एकदा बाबा पळायचं सोडून तिचं मनगट बघत उभे राहिले. टेंगूळ आलं, पण तंत्र कळलं."

आधी टीममधली मुलं खिदळली, मग सगळेच. अध्यक्ष लालबुंद होऊन टाळ्या वाजवत होते. आजींच्या आईचं नाव पाटीवर घालायचं त्यांनी कबूल केलं. घातलं मात्र नाही. फळांची टोपली तेवढी पाठवली.

परतताना आजी म्हणाल्या, "नोकरी गेल्यावर बाबा शनिवारी दुपारी सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. मैदानावरचा मॅचचा आरडाओरडा घरापर्यंत यायचा ना."

नवऱ्याने हळूच विचारलं, "मग त्या वेळात तुम्ही काय करायचात?"

"पत्ते खेळायचो. आणि ते चिटिंग करायचे."