वैनींचा आठवा दिवस

फोन आला तेव्हा मी एका शेतकऱ्याला दम देत होतो. मृगाचे दिवस, दुकानासमोर माणसं उभी, आणि हा गडी घरचं सोयाबीन उगवण न पाहताच पेरायला निघालेला. "शंभर दाणे मोज, ओल्या गोणपाटात रांगेनं मांड, गुंडाळी करून सावलीत ठेव. आठव्या दिवशी उघड. सत्तर निघाले तर पेर, तोवर हात लावू नको." वडीगोद्रीच्या या दुकानात बसून मी आजवर हजार जणांना हे सांगितलं असेल. तेवढ्यात मोबाइल वाजला. पुतणी मंजू होती. "काका, आई गेली..." एवढंच म्हणाली. मी फोन खिशात ठेवला आणि त्या माणसाला पुन्हा म्हणालो, "आठव्या दिवशी, बरं का." का म्हणालो कोण जाणे, तोंडाला सवय. मंग शटर ओढलं आणि जालन्याची गाडी धरली.

सुमनवैनी माझ्या मोठ्या भावाच्या पत्नी. आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला आणि मला एका जागी बसवत नाही. गल्ल्यावर बसलो की उठून दारात येतो, दारात आलो की रस्त्यावरचे ट्रक बघून परत आत जातो. बायको म्हणते, "अहो, तुम्हाला काय मुंग्या लागल्यात का?" लागल्यात. वजनकाट्याच्या मागं खिळ्याला एक कापडी थैली लटकलेली आहे, वीस वर्षं झाली. तिच्याकडं पाठ केली तरी ती दिसते. म्हणून हे लिहायला घेतलं. मी काही लिहिणारा माणूस नाही, बी विकणारा आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वैनी सिकंदराबादच्या. वडील रेल्वेत कारकून, घर मराठी, पण शाळा पहिलीपासून इंग्रजी, शेजारीपाजारी सगळे इंग्रजी बोलणारे. त्या इंग्रजीत हिशेब करायच्या, इंग्रजीत रागवायच्या, स्वप्नंही इंग्रजीतच पडतात म्हणायच्या. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा आई चार दिवस त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होती, जशा काही त्या बहिऱ्याच. दोन वर्षांत वैनी आमच्यासारखं बोलायला लागल्या, "करून राह्यले" नि "न्हाई" सगळं. पण बाईला स्वस्थता म्हणून नाही. भाजी फोडणीला टाकून पुस्तक उघडायच्या, पुस्तक पालथं ठेवून अंगणात जायच्या, अंगणातून परत येऊन विचारायच्या, "भाऊजी, फ्रेंच शिकू का?"

हे खूळ शहाऐंशीच्या सुमारास सुरू झालं. औरंगाबादला रविवारी परदेशी भाषांचे वर्ग निघालेत, जर्मन, रशियन, फ्रेंच, असं त्यांना कुठून तरी कळलं. अर्ज आणला. दादाचं म्हणणं, "शीक की, पण एसटीत मी बसणार न्हाई." मी मात्र चिडवलं. म्हणालो, "वैनी, गावात तुमची इंग्रजीच कोणाला कळत न्हाई, आता अजून एक कशाला?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इंग्रजी बाबांनी दिली. तुमची बोली सासरनं दिली. हिंदी बाजारानं शिकवली. मला कोणी विचारलं न्हाई, भाऊजी. एक तरी मी स्वतः बघून घेणार आहे." मला तेव्हा ते बायकांचं बोलणं वाटलं. आता वाटतं, त्या एका वाक्यात त्यांचं सगळं होतं.

पण बघून घेणार म्हणजे किती! सोमवारी फ्रेंच, कारण ऐकायला गोड. मंगळवारी रशियन, कारण त्यांच्या आणि आपल्या शब्दांचं कुठं तरी जुनं नातं असावं असं त्यांना वाटे. बुधवारी जर्मन, कारण इंग्रजी येणाऱ्याला ती सोपी जाते असं एका पुस्तकात लिहिलेलं. गुरुवारी पुन्हा पहिल्यापासून. शेजारचे सायकलवाले रज्जाकचाचा म्हणाले, "बेटी, फारसी ले लो. आधी तो आतीच है." वैनी म्हणाल्या, "चाचा, अर्धी येते तीच तर नको." चाचांना ते बिलकुल पटलं, आणि मला बिलकुल समजलं नाही.

अर्जाची मुदत जवळ आली तशा त्या माझ्या दुकानात येऊन बसायला लागल्या. एकदा मी गिऱ्हाइकाला तेच गोणपाटाचं सांगत होतो. वैनींनी कान दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून बियाण्याच्या तीन रिकाम्या पुड्या घेतल्या. तिन्हींवर तेच दहा शब्द तीन भाषांत लिहिले: पाणी, माती, पाऊस, बी, भाकरी, आई, घर, रस्ता, उद्या, हो. उच्चार मराठीत, समोर अर्थ. एका संध्याकाळी तीसही शब्द सारखे घोकले, पुड्या कापडी थैलीत घातल्या, वर गाठ मारली आणि थैली माझ्या हातात दिली. "आठ दिवस मी बघणार न्हाई. आठव्या दिवशी तुम्ही विचारायचं. जिची उगवण जास्त, ती माझी." अर्जही माझ्याकडंच दिला, सही करून, भाषेची जागा कोरी. मला मालासाठी औरंगाबादला जायचंच होतं. मी थैली खिळ्याला लावली. खरं सांगतो, मला भारी गंमत वाटली. माझ्या धंद्याची रीत कोणी भाषेला लावली असेल असं वाटत नाही.

पाचव्या दिवशी कंपनीच्या गोदामातून निरोप आला, माल आजच उचला. तीन दिवसांनी पुन्हा चक्कर मारायची माझ्या जिवावर आली. मी मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. म्हणालो, "वैनी, सांगून टाका." त्या म्हणाल्या, "आज पाचवाच दिवस आहे." मी म्हणालो, "काय फरक पडतो, बोला जल्दी, टेम्पो उभा आहे." नाइलाजानं त्यांनी बोटांवर मोजलं. जर्मन सात, रशियन तीन, फ्रेंच दोन. "झालं की मंग," मी म्हणालो. "झालं न्हाई," त्या म्हणाल्या, "जर्मन इंग्रजीच्या चुलतघरची, ती लवकर दिसणारच. आठव्या दिवशी सांगते." मी हो म्हणालो आणि टेम्पोत बसलो. वाटेत विचार केला, ही बाई जन्मभर ठरवणार नाही, आपणच मोकळं करावं. औरंगाबादला कोऱ्या जागेत जर्मन लिहिलं, फी भरली, पावती घेतली. वर पेढेही घेतले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

वैनी वह्या तपासत होत्या. पावती बघून त्यांनी लाल पेन खाली ठेवला. मंग एकच विचारलं, "भाऊजी, मिरचीचं बी तुम्ही पाचव्या दिवशी फेकून देता का?" बाजरी तिसऱ्या दिवशी वर येते, मिरचीला आठ-दहा दिवस लागतात, हे मीच त्यांना कधी तरी शिकवलेलं. तरी मी म्हणालो, "भाषाच ती, कोणतीबी आली तरी काय..." तिथं मी गप्प राहायला पाहिजे होतं. बदलून आणतो म्हणालो, तर म्हणाल्या, "राहू द्या. भरलं ते भरलं." पुढचे तीन महिने त्या माझ्याशी थेट बोलल्या नाहीत. "मंजू, काकाला म्हण पान वाढलंय." पोर समोर नसली तर भिंतीला सांगायच्या. पेढे कोणी खाल्ले ते मला माहीत नाही.

तरी जर्मन शिकल्या. दोन वर्षं दर रविवारी पहाटेची एसटी, मांडीवर वही. पहिल्या वर्गात पास झाल्या. पुढं जालन्याच्या एका कारखान्यात जर्मनीचे पाहुणे यंत्र बसवायला आले, तेव्हा बोलायला वैनींना बोलावलं. मी मुद्दाम बरोबर गेलो. काय बोलत होत्या बाई! पाहुणे मान हलवत होते आणि मी भेटेल त्याला सांगत होतो, माझ्या वैनी आहेत. परत येताना जीपमध्ये मी म्हणालो, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करून राह्यले असं वाटतं, भाऊजी. सगळे डबे सापडतात. पण घर आपलं न्हाई." मंग माझं उतरलेलं तोंड बघून त्यांनीच मला पाण्याची बाटली दिली. पुढं कितीदा म्हटलं, आता दुसरी घ्या तुमच्या मनाची. त्या म्हणायच्या, "पहिली एकदाच असते." आठव्या दिवशी काय निघालं असतं विचारलं की, "ते मोजलंच न्हाई." थैली त्यांनी परत मागितली नाही. दर दसऱ्याला दुकान झाडताना मी तिच्यावरची धूळ झटकायचो आणि गाठ न सोडता परत लावायचो.

शेवटची भेट त्या जाण्याच्या चार दिवस आधीची, जालन्याच्या दवाखान्यात. दुपारची वेळ. मंजू चहा आणायला गेली होती. वैनी डोळे मिटून पडलेल्या, ओठ हलत होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मला वाटलं जप करतायत. पण या बाईनं आयुष्यात कधी जप केला नव्हता. मी विचारलं, "वैनी, काय मोजून राह्यल्या?" डोळे न उघडता म्हणाल्या, "उगवण." "किती?" "दहा." "कोणती?" त्यावर हसल्या नुसत्या. वीस वर्षं ज्याची माफी मागायची राहिली होती ते तोंडापर्यंत आलं... आणि मंजू चहा घेऊन आली. दुकान उघडं टाकून आलो होतो, पेरणीची गर्दी होती, माझा पाय तिथं ठरेना. दारातून म्हणालो, "येतो वैनी. उद्या येतो." त्या म्हणाल्या, "झाव्त्रा." शब्द कळला नाही, तरी मी मान हलवली आणि निघालो. उद्या गेलो नाही, परवा गेलो नाही. चौथ्या दिवशी फोन आला, तो वर सांगितलाच.

दिवसकार्य झालं, तरी थैलीला हात लावायचं धाडस होईना. वैनींचा तो शेवटचा शब्द कोणत्या पुडीवर निघेल याचीच भीती. जर्मन निघाली असती तर मी सुटलो असतो, हेही खरं. गेल्या आठवड्यात शेवटी गाठ सोडली. कापड विटलेलं होतं, पुड्या शाबूत होत्या. जर्मनच्या पुडीवर तो शब्द नव्हता. फ्रेंचच्याही नव्हता. रशियनच्या पुडीवर नवव्या ओळीत वैनींचं गोल अक्षर होतं: झाव्त्रा, आणि समोर, उद्या. मी खाली पोत्यांवर बसलो आणि गिऱ्हाइकांसमोर रडलो. वीस वर्षांत एकदाही न पाहिलेले, न घोकलेले दहा शब्द त्या बाईच्या पोटात तसेच होते, आणि मी तीन दिवस थांबलो नव्हतो.

ते दहा शब्द मी त्याच संध्याकाळी घोकले. वदा, झेम्ल्या, ख्लेब... जीभ वळत नाही, या वयात कशी वळणार! पुडी थैलीत घातली, गाठ मारली, खिळ्याला लावली. आज पाचवा दिवस आहे. मला दहापैकी चारच येतात, आणि सकाळपासून तीनदा हात त्या गाठीकडं गेला. पण आठव्या दिवसाच्या आत मी ती सोडणार नाही, वैनी.