मागच्या सीटवरचं पहिलं माणूस

किस्से काही ठरवून साठवता येत नाहीत. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात दहा वाजता चहा येतो. पंधरा मिनिटांची सुट्टी असते, आणि तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोलून जातं. वीस वर्षं झाली मला इथं. डोक्यात ड्रॉइंगपेक्षा माणसांच्या गोष्टीच जास्त उरल्यात.

हे किस्से निघाले ते प्रथमेशमुळं. प्रथमेश म्हणजे आमचा नवा इंजिनिअर. सांगलीचा, अंगानं चांगला धिप्पाड. एका सकाळी चहाचा कप हातात फिरवत म्हणाला, "सर, मला डबलसीट घ्यायची भीती वाटते. एकटा असलो की काही नाही. मागं कुणी बसलं की हातच चालत नाहीत. आणि रविवारी आई येतीय. स्टँडवरनं आणायचीय तिला."

कुणी हसलं नाही. प्रत्येकाला आपलं आपलं पहिलं माणूस आठवलं असावं.

*

मीच सुरुवात केली. माझ्या मागं पहिल्यांदा बसली ती थोरली आत्या. आमचं गाव इस्लामपूरपासून बारा किलोमीटर. आत्याला तिथं डोळे दाखवायला न्यायचं होतं, एसटी चुकली, आणि वडिलांची गाडी दारात उभी होती.

आत्या जन्मात मोटारसायकलवर बसली नव्हती. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली, माझा शर्ट मुठीत धरला आणि म्हणाली, "चल."

गाळपाचे दिवस. समोरनं उसानं भरलेल्या ट्रॉल्या येत होत्या. एक ट्रॅक्टर तर इतका जवळनं गेला की उसाच्या वाढ्यांची पानं माझ्या हाताला घासली. माझा जीव नुसता गोळा झाला होता. आत्या मात्र शांत.

दवाखान्यापाशी उतरल्यावर मी म्हणालो, "आत्या, त्यो ट्रॅक्टर कसा अंगावर आला बगितलास?"

"न्हाई बा. मी डोळं मिटलं हुतं."

"सगळा रस्ता?"

"तू बगत हुतास की. दोघांनी कशाला बगायचं?"

येताना मी गाडी तीसच्या वर नेली नाही.

*

आमच्या गेटवर सुभेदार काका असतात. फौजेत असताना बर्फातल्या घाटांतनं ट्रक चालवलेला माणूस. दुचाकी मात्र शिकले ते पेन्शनवर आल्यावर. मागं पहिल्यांदा बसणार होत्या काकू, आणि जायचं होतं वर डोंगरावर, यवतेश्वरला.

निघायच्या आधी काकांनी अंगणात काकूंना उभं करून ऑर्डर दिली. वळणावर हलायचं नाही. ब्रेक मारला तरी पुढं सरकायचं नाही. आणि गाडी चालू असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही.

काकूंनी सगळं पाळलं. वर पोचल्यावर काकांनी मागं वळून बघितलं तर काकूंच्या एकाच पायात चप्पल.

"दुसरी कुठंय?"

"घाटात पडली. तिसऱ्या वळणाला."

"मग सांगायचं न्हाई?"

"तुमीच म्हणाला न्हवं, बोलायचं न्हाई म्हणून."

काका परत खाली गेले, चप्पल शोधून आणली, खाली बसून काकूंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "ऑर्डर कॅन्सल."

आता काकू गाडीवर बसल्यापासून उतरेपर्यंत बोलतात. काका हळू चालवतात. जोरात नेली की वाऱ्यानं नीट ऐकू येत नाही म्हणे.

*

बायको पेट्रोल पंपावर राहिली, हा किस्सा प्रत्येक कारखान्यात असतो. आमच्याकडं तो स्टोअरमधल्या मान्यांचा आहे. लग्नाला पंधरा दिवस झालेले, बायको पहिल्यांदाच गाडीवर. सकाळी काहीतरी बिनसलं होतं. पंपावर ती उतरली, पेट्रोल भरलं, आणि माने तसेच निघाले.

मागनं आवाज येईना. मान्यांना वाटलं, अजून रागातच आहे. मग दोन किलोमीटर त्यांनी समजूत काढली. चुकलं म्हणाले. परत आवाज चढवणार नाही म्हणाले. आणखी बरंच काही म्हणाले, ते आम्हाला अजून सांगत नाहीत. सिग्नलला मागं बघितलं तर सीट रिकामी.

परत आले तर ती पंपावरच उभी. मान्यांनी घाबरत सगळं खरं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ते परत म्हणा. मी नव्हते."

*

इरफान आमच्या मेंटेनन्सला आहे. मूळचा मिरजेचा. त्याचे चाचा तंबोरे बनवतात. इरफान नवीनच गाडी शिकलेला, आणि चाचांना सांगलीला एका बाईंकडं तंबोरा पोचवायचा होता. रिक्षात तो आडवा ठेवावा लागला असता, ते चाचांना नको होतं.

गोधडीत गुंडाळलेला तंबोरा उभा धरून चाचा मागं बसले. भोपळा मांडीवर, दांडी खांद्याशी.

"चाचा, घट्ट बसा हां," इरफान म्हणाला.

"माझं बघू नको. मी पडलो तर उठीन. हा नाही उठणार."

इरफाननं ती गाडी कशी नेली ते त्यालाच ठाऊक. खड्डा दिसला की पाय टेकायचा. मागचे हॉर्न वाजवून वाजवून पुढं निघून जायचे. सांगलीत पोचेपर्यंत मनगटं भरून आली.

बाईंच्या घरी चाचांनी गोधडी सोडली. एकेक तार छेडली. मान तिरकी करून चारही तारा ऐकल्या. इरफानकडं बघून म्हणाले, "तुला गाडी येते."

लायसन्स नंतर मिळालं, पण परीक्षा त्या दिवशीच झाली, असं इरफान म्हणतो.

*

हे सगळं ऐकून प्रथमेशनं काय करावं? खोलीवरचं तांदळाचं पोतं मागच्या सीटवर बांधलं आणि दोन दिवस सकाळी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर फिरला. वळणं घेतली, ब्रेक मारले. शनिवारी म्हणाला, "आता जमेल."

सोमवारी चहाला आला.

"आली का आई?"

"आली."

"मग? भीती वाटली?"

"नाही सर. पोवई नाक्यापर्यंत आलो तरी मागं कुणी बसलंय असं वाटेना. दोनदा वळून बघितलं." कपाकडं बघत राहिला. "पोत्यापेक्षा खूप हलकी आहे हो ती. कधी झाली एवढी हलकी, मला कळलंच नाही."

मान्यांनी आपल्या पुड्यातली दोन बिस्किटं त्याच्या पुढं सरकवली.

*

वैशाली आमच्या सीएनसी मशीनवर आहे. कोरेगावकडच्या एका गावातनं रोज मोटारसायकलवर येते. तिच्या मागं पहिल्यांदा बसले ते तिचे वडील, आप्पा. साताऱ्यात गुडघा दाखवायला आले होते. सुट्टी झाल्यावर तिनं कारखान्याच्या गेटवर गाडी उभी केली आणि म्हणाली, "बसा."

आप्पांनी इकडं तिकडं बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. बसले.

गावाच्या अलीकडं कॅनॉलचा पूल लागतो. तिथं आप्पांनी खांद्यावर थाप मारली. "हितं थांबव. जरा पाय मोकळं करतो." गुडघा सुजलेला माणूस तिथनं घरापर्यंत चालत आला. वैशाली पुढं जाऊन चहा टाकून बसली.

पुढं दोन वर्षं असंच चाललं. दर महिन्याला डॉक्टर, येताना डबलसीट, आणि पुलाला उतरायचं. ती न सांगता थांबायची, ते न बोलता उतरायचे.

मागच्या महिन्यात नेहमीसारखी तिनं पुलाला गाडी थांबवली. पाय टेकून वाट बघितली. आप्पा उतरेनात.

"पूल आला, आप्पा."

"दिसतोय मला. चल."

"घरला?"

"घरलाच. पारावरनं घे."

"पारावर सगळी बसली असत्याल आता. आन लांब पडंल."

आप्पा मागं नीट सरकून बसले.

"पडू दे. आन जरा सावकाश चालव."