गच्चीवरचा पंखा

आमचे हे मिलमधून सुटले आणि थेटरांना थंड हवेची मशीनं बसवणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लागले, तेव्हा चाळीत सगळ्या बोलायच्या, नशीब काढलंस गो, नवरा गारव्यात काम करतो. गारवा कुठला. गारवा खाली खुर्च्यांना. हे वर गच्चीवर, जिथं मशीनचं गरम पाणी मोठ्या लाकडी पेटीत वरून गळतं आणि पंखा त्याला वारा घालून निववतो, तिथं.

मला चौथीपर्यंत शाळा, मशीनचं मला काय कळणार, पण एक कळतं, ते मरेपर्यंत विसरणार नाही. त्या पंख्याला एक डबी लावतात. डबीतून केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते, तिच्या टोकाला बोटाएवढा तांब्याचा तुकडा. त्याला बल्ब बोलतात, उजेड काही पडत नाही त्यातून. तो पाण्याच्या पाइपाला बांधायचा. पाणी माणसाच्या अंगापेक्षा तापलं की डबी आपोआप पंखा चालू करते. पण बांधायच्या आधी बघून घ्यायचं, खरंच चालू होतो का. त्यासाठी हे लोक खालच्या हॉटेलातून उकळता चहा मागवायचे, त्यात बल्ब बुडवायचे, पंखा फिरला की तोच चहा प्यायचे. ह्यांनीच मला हसत सांगितलेलं.

त्या दिवशी हरताळ होता, संयुक्त महाराष्ट्राचा. ट्राम बंद, हॉटेलं बंद, थेटर बंद. मिस्त्रीला बरंच झालं, रिकाम्या थेटरात काम उरकायचं. माझी पोर आठ महिन्यांची, पहाटेपासून तापलेली, दुपारपर्यंत तिची मान पडायला लागली. दवाखाना परळला, आणि नाक्यावर आदल्याच दिवशी लाठी चाललेली. सासूबाई बोलल्या, "एकटी जाव नको गो. घोवाक घेवन जा." मी पण भेदरलेलीच. थेटर वाटेतच होतं, तर ह्यांना घ्यायला गेले, मागच्या लोखंडी शिडीनं पोरीला पदरात बांधून वर चढले.

वर हे सदरा उघडा टाकून बसलेले, तो बल्ब काखेत धरून.

मिस्त्री मला बघून बोलला, "या वहिनी या! बघा तुमचा नवरा. सकाळपासून अंडं उबवतोय, पिल्लू काय निघत नाही."

चहा नव्हता. वर स्टोव्ह पेटवायचा नाही, खाली फिल्मचे डबे, भडका उडेल. आभाळ आलेलं, ऊन नाही. ह्यांच्या अंगाची ऊब पुरत नव्हती, पंखा हलत नव्हता.

मी बोलले, "पोरीला फार ताप आहे हो. ह्यांना सोडा, दवाखान्यात न्यायचीय."

"सोडतो की. पंखा फिरला की सोडतो. उद्या थेटर उघडणार, मालक मान माझी धरणार, तुमच्या पोरीची नाही."

मग तो जवळ आला, पोरीच्या कपाळाला हात लावला. मला वाटलं, पोरंबाळं असलेला माणूस आहे, आता सोडेल. तर हात झटकला आणि बोलला, "अरे बापरे, ही तर भट्टी आहे!" आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काही कळलंच नाही.

हे उठले, बोलले, "दे गो जरा इकडं." मला वाटलं खाली न्यायला घेतात. मी दिली. माझ्या हातानं दिली.

ह्यांनी तिचं झबलं वर केलं, बल्ब काखेत घातला आणि तिचा एवढासा हात वरून दाबून धरला. पोर किंचाळली.

"घट्ट धर, नळी मोडेल," मिस्त्री बोलला. पोरीचं नाही, नळीचं.

डबीत टक् झालं. पंखा धाडकन सुरू झाला, पेटीतलं पाणी उडून आमच्या तोंडावर आलं, पोरीच्याही. मिस्त्रीनं टाळी वाजवली. "शाब्बास! बापापेक्षा लेक कामाची!" आणि हे हसले. थोडंसंच, मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत. पण हसले.

मी बोलले, "झालं ना? चला आता."

"एकदा फिरला म्हणजे फिरला असं नसतं वहिनी. परत."

ओल्या फडक्यानं बल्ब पुसला, पंखा थांबला, परत काखेत घातला. ह्या वेळी पोर रडली नाही. टक् झालं, पंखा फिरला.

मिस्त्री बोलला, "बघ, शहाणी झाली."

मग मोकळं केलं. हे सदऱ्याची बटणं लावायला लागले तर मिस्त्री ओरडला, "तू कुठं रे? बल्ब पाइपाला कोण बांधणार, तुझा बाप?" हे मला बोलले, "तू हो पुढं. बल्बला पट्टी मारून आलोच."

एका हातानं शिडी धरून उतरले. नाक्यावर पोलिसांची लॉरी उभी होती. एकानं काठी उचलली, पदरातलं पोर बघितलं, आणि काठीनंच वाट दाखवली, जा बाई जा. कुणी अडवलं नाही. ज्याला भिऊन मी त्या गच्चीवर चढले, ते असं होतं.

दवाखान्यात नर्सनं थर्मामीटर लावला, त्याच काखेत. पोर हललीसुद्धा नाही. डॉक्टर खेकसला, "इतका वेळ कुठं होतीस?" मी बोलले, "पंखा फिरायचा होता." त्याला वाटलं वेडी आहे. हे आले तेव्हा पोर गेलेली होती. ह्यांचा सदरा अजून ओलाच होता.

आता मुलगा आहे, वर्षाचा व्हायचाय. हे अजून त्याच मिस्त्रीकडे. गॅलरीत चार माणसं जमली की सांगतात, "त्या थेटरची डबी कधी चुकत नाही. आमच्या पोरीनं लावलीय." लोक खाली बघतात. हे तरी सांगतात.

परवा मुलाचं अंग तापलं. हे कामावरून आले, मोरीत हात धुतले आणि दोन्ही हात पुढं केले, "दे, बघू." मी बोलले, "अंग गार आहे. आत्ताच झोपलाय, उठवू नका." नळावर जाते बोलले, कळशी जिन्यात ठेवली आणि मुलाला पदराखाली घेऊन एकटीच दवाखान्याला निघाले. नाक्यावर पोलिस होतेच. त्यांच्या अंगावरून गेले. मी मागं वळून वळून बघत होते, हे तर येत नाहीत ना.