तबकडी, फाइल आणि उबुकाता मास्तर

उबुकाता मास्तरांना नम्रपणा कधी जमला नाही, आणि जमवावा असं त्यांना वाटलंही नाही. जपानमधल्या योनागोत सुया टोचून दुखणी घालवणारे आणखीही आहेत. पण "दुसरीकडे जायचं तर जा, तिथून परत माझ्याकडेच याल," असं पेशंटच्या तोंडावर सांगणारे हे एकटेच. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली. अंधशाळेत ते मालिश आणि सुयांची विद्या शिकले, पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत, माझ्या टोफूच्या दुकानाला लागून, त्यांनी दवाखाना थाटला. त्यांची बायको फुमियोवहिनी पेशंटना चहा देतात, आणि मास्तरांच्या फुशारक्या फार फुगल्या की हळूच टाचणी लावतात.

त्या दवाखान्यात टेबलामागची अख्खी भिंत तबकड्यांची. साध्या सीडी थोड्याच. बाकी सगळ्या हाय-रेझोल्युशनच्या, फार बारीक ध्वनिमुद्रण असलेल्या. प्रत्येक डबीच्या कण्यावर मास्तरांनी स्वतः ठोकलेली ब्रेलची पट्टी. पेशंटच्या पाठीत सुया लावून झाल्या की ते हात मागे न्यायचे, दोन बोटं कण्यांवरून फिरवायचे आणि हवी ती डबी ओढायचे. आपल्याला चष्मा सापडेपर्यंत यांचं संगीत सुरूसुद्धा झालेलं असायचं.

"साध्या सीडीवर वाजवणारे सगळे एका रांगेत बसतात," ते सांगायचे. "या तबकडीवर ते खोलीत आपापल्या जागी बसतात. कोण कुठे बसलंय ते मी बोट दाखवून सांगतो." एकदा मी टेबलावर पालथी पडले होते, तर म्हणाले, "मिसाओ, ऐक! मागच्या रांगेतल्या बाईनं आत्ता पान उलटलं." मला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी मी "हो, हो" म्हटलं.

"खोटं. तुझी मान ताठ झाली," मास्तर म्हणाले.

एका हिवाळ्यात, खेकड्यांचा हंगाम ऐन भरात असताना, त्यांचा प्लेअर बिघडला. लहान मूल औषधाचा चमचा ढकलतं तशी तो तबकडी बाहेर ढकलायला लागला. स्टेशनजवळ कादोवाकीचं ध्वनियंत्रांचं दुकान आहे. तो आला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "आतलं लेझरचं भिंग झिजलंय, मास्तर. हा भाग आता कुठे बनत नाही."

"मग?"

"मग फाइल घ्या. इंटरनेटवरून उतरवायची की झालं. तुमच्या तबकडीइतकं, कधी तिच्याहूनही बारीक मुद्रण. ना भिंग झिजायचं, ना धूळ. एक भिंतभर संगीत जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावतं."

"आणि मोकळ्या भिंतीवर काय लावू? तुझा फोटो?"

"लावा की! तुम्हाला कुठे दिसणार आहे!"

दोघंही खदखदून हसले. मास्तरांना असलं बोलणं आवडतं. दबकून बोलणाऱ्यांचा त्यांना कंटाळा.

लोकांना वाटलं, हा म्हातारा हटून बसणार. तसं झालं नाही. फाइलकडे त्यांचं मन आधीच ओढलं गेलं होतं, आणि त्याला कारण होती कोमाकी. अंधशाळेतली त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिच्या हाताला अशी जाण होती की माझा दवाखाना हीच चालवणार, असं मास्तर सगळ्यांना सांगत. आणि पोरीनं सुया सोडून कोतो हे जपानी तंतुवाद्य धरलं, क्योतोला निघून गेली. मास्तर चिडले ते चिडलेच. ती दरवर्षी वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवायची; मास्तर ती खायचे, पण तिला फोन करायचे नाहीत. आता तिच्या कोतोवादनाचं पहिलं मुद्रण आलं होतं, आणि तबकडी निघणारच नव्हती. फक्त फाइल.

"तिचं वाजवणं ऐकायचंय असं सरळ म्हणा ना," वहिनी म्हणाल्या.

"मला फक्त यंत्र तपासायचंय," मास्तर म्हणाले.

कादोवाकीनं फाइलचा प्लेअर आणून बसवला. नागानोकडच्या एका छोट्या कंपनीचा होता. काळी गुळगुळीत पेटी, एकही बटण नाही. सगळा कारभार फोनवरून. त्यानं आपल्या फोनवरून मास्तरांच्या ओळखीची एक सिंफनी लावली. मास्तर खुर्चीतून उठून दोन्ही कर्ण्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"काय, तबकडीहून फरक वाटतो?" कादोवाकीनं विचारलं.

"काडीचा नाही. फरक आहे म्हणणाऱ्याला या टेबलावर झोपव, मी त्याची मान बघतो." आणि मग म्हणाले, "पहिल्या प्रतीचा आवाज आहे. ठेव इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी होती. टोफूची भांडी उचलून उचलून माझी कंबर कायम धरलेली असते. मास्तरांनी माझ्या पाठीत सुया लावल्या आणि फोन हातात घेतला. आंधळ्या माणसाचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. बोट ठेवलं की नाव सांगतो. पण या कंपनीच्या ॲपमध्ये कुणी नावं घातलीच नव्हती.

"बटण," फोन म्हणाला. मास्तरांनी बोट सरकवलं. "बटण. बटण. चित्र. बटण."

"कुठलं बटण, गाढवा?" मास्तर फोनला म्हणाले आणि एक दाबलं.

एकदम पितळी वाद्यांचा असा धडाका सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मास्तर भराभर दाबत सुटले, आवाज आणखी चढला. माझ्या पाठीत सुया. मला उठताही येईना आणि हसू आवरेना, आणि हसलं की सुया हलत होत्या. शेवटी स्वयंपाकघरातून वहिनी धावत आल्या, ओले हात ॲप्रनला पुसले आणि भिंतीतला प्लग खेचला.

मी हसत होते. मास्तर हसत नव्हते. त्यांनी एकेक सुई काढली, पुसली, ठेवली आणि "झालं," एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका पडलेला पाहिला नव्हता.

त्यानंतर दवाखाना मुका झाला. कादोवाकीला वाईट वाटलं. तो समजवायला आला आणि नको ते बोलून बसला. "त्यात काय मोठं, मास्तर? वहिनी लावून देतील की."

"वहिनी मला मोजेही घालून देतील," मास्तर म्हणाले. "म्हणून मी पाय पुढे करून बसू?"

"मोज्यात माझं नाव नको," वहिनी आतून ओरडल्या. "मी कधी घातले?"

मग कादोवाकीनं नवा तबकडीचा प्लेअर आणला. त्याला खरी बटणं होती. दाबलं की बोटाखाली टक्क व्हायची. मास्तरांनी यंत्रावरून हात फिरवला, तबकडी लावली, थांबवली, पुन्हा लावली. भिंत पुन्हा बोलायला लागली. इथे गोष्ट संपली असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

पण मास्तर स्वस्थ बसले नाहीत. "जुनं सगळं हातात आलं," ते मला म्हणाले, "आणि पुढचं सगळं? ते कुणी माझ्यासाठी लावून द्यायचं? माझ्या घरातल्या गाण्याचा मी पाहुणा होणार नाही." कोमाकीची फाइल त्या काळ्या पेटीत तशीच पडून होती. वहिनींनी लावून देते म्हटलं तरी त्यांनी ऐकली नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. मी टोफू द्यायला गेले होते, म्हणून सगळं कानावर पडलं. तिकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"पडद्यावर वरच्या कोपऱ्यात हिरवं बटण दिसतंय का, साहेब?"

"बाई, मला तुमचा कोपराही दिसत नाही, बटणही दिसत नाही, आणि हिरवं तर लहानपणीच राहून गेलं."

ती बिचारी माफी मागत राहिली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पुन्हा फोन केला. तिसऱ्या दिवशीही. पहिला पेशंट यायच्या आधी कंपनीला फोन, हा नेमच झाला. वहिनी म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांच्या मागे इतके लागला असतात, तर ते लवकर हो म्हणाले असते."

एका सकाळी त्या मुलीनं फोन दुसऱ्याकडे जोडून दिला. इगारी नावाचा माणूस होता; ते ॲप त्यानंच लिहिलेलं. मास्तर तावातावानं सुरू झाले, तेव्हा तो मध्येच म्हणाला, "तुम्हाला जे ऐकू येतं, ते मला ऐकवता का?"

मास्तरांनी दवाखान्याच्या फोनच्या तोंडाशी आपला मोबाइल धरला आणि पडद्यावरून बोट फिरवलं. बटण. बटण. चित्र. बटण. बटण.

मग इगारी म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येऊ का?"

तो खरंच आला. काटकुळा, वाकलेला, पाठीला संगणकाची पिशवी. दारातून "नमस्कार" म्हणाला तोच मास्तर म्हणाले, "आधी टेबलावर झोप. तुझा डावा खांदा तुझ्या आवाजात दुखतोय." सुया काढल्यावर इगारी खांदा फिरवून बघत राहिला आणि मग पेशंटच्या बाकावर बसून कामाला लागला.

नावं घालणं हे काम तसं सोपं होतं. भांडणं झाली ती जागांवरून. मास्तरांना 'थांबवा' हे बटण खालच्या कोपऱ्यात, सगळ्यात मोठं हवं होतं.

"दिसायला बरं नाही दिसणार ते," इगारी म्हणाला.

"कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

इगारी हसला आणि बटण मोठं केलं. संध्याकाळपर्यंत फोन शहाण्यासारखा बोलायला लागला: "लावा. थांबवा. आवाज कमी." मी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मात्र मान हलवली.

"अजून नाही. भिंतीवर माझं बोट थेट हव्या त्या डबीवर जातं. इथे मला यादीतलं एकेक नाव ऐकत रांगेत उभं राहावं लागतं. फाइलला देहच नाही, पोरा. तिला धरू कुठे?"

वहिनींनी इगारीला जेवायला थांबवलं. त्यानं माझा टोफू भाताबरोबर खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि जेवता जेवता भिंतीकडे बघत होता. सकाळी तो कादोवाकीला घेऊनच आला. हातात नाण्याएवढ्या गोल चकत्यांचं पाकीट; बसच्या कार्डात असते तसली चिप त्यांत होती. त्यानं एका रिकाम्या डबीत चकती चिकटवली, फोनवर थोडं काहीतरी केलं आणि डबी मास्तरांच्या हातात दिली. "हिला फोन टेकवा."

मास्तरांनी टेकवला. त्यांनीच निवडलेलं मुद्रण वाजायला लागलं. ना यादी, ना रांग. त्यांनी दुसरी डबी मागितली. ती टेकवली, पहिलं थांबून दुसरं सुरू झालं. मग ते लहान मुलासारखे एकदा ही, एकदा ती, असं करत राहिले.

"या चकत्या माझ्याच दुकानात पडून होत्या," कादोवाकी डोकं खाजवत म्हणाला.

"पडून राहिल्या म्हणून तर आज मिळाल्या," मास्तर म्हणाले. आज ते कुणालाही माफ करायला तयार होते.

कोमाकीची फाइल मात्र त्यांनी त्या रात्री लावली नाही, त्या आठवड्यातही नाही. आधी मास्तरांनी क्योतोला फोन केला. काय बोलले ते वहिनींनी मला सांगितलं: "रविवारी ये. तुझी फाइल मी अजून ऐकली नाही. तुझ्यासमोर ऐकायची आहे." आणि ठेवून दिला.

रविवारी दुपारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अंधशाळेतले त्यांचे जुने विद्यार्थी, गल्लीतली माणसं, कादोवाकी. टेबलावरसुद्धा चौघं बसलेली. कोमाकी पुढच्या खुर्चीत, हात मांडीवर घट्ट धरून. मास्तर उठले. हात मागे नेला, कण्यांवरून दोन बोटं फिरवली आणि भिंतीतून एक डबी ओढली. तिच्या कण्यावर त्यांनी स्वतः कोमाकीचं नाव ठोकलं होतं. ती डबी आधी त्यांनी तिच्या हातात दिली. तिनं बोटानं आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डबी परत केली. मास्तरांनी डबीला फोन टेकवला.

पहिली तार वाजली तेव्हा कोतो खोलीच्या मधोमध ठेवल्यासारखं वाटलं. मला संगीतातलं फारसं कळत नाही. पण तार छेडल्यावर तिचा आवाज विरत विरत जातो, तो कुठपर्यंत गेला ते मला कळत होतं. मास्तर पूर्ण वेळ उभे होते, चेहरा छताकडे. कुणी खोकलंही नाही.

संपल्यावर कोमाकी म्हणाली, "मास्तर, तिसऱ्या भागात माझी एक नखी तारेवरून घसरलीय. ऐकू आलं?"

"आलं. त्याच्या आधी घाबरून श्वास घेतलास, तोही आला." मग मास्तर म्हणाले, "सुया सोडल्यास ते बरं केलंस, पोरी. माझी गिऱ्हाइकं वाचली."

कोमाकी आधी हसली आणि मग ढसाढसा रडली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी विद्यार्थिनी आहे! कोतो कुणी का शिकवेना, हे हात मी घडवलेत." त्यावर अशा टाळ्या पडल्या की समोरचा न्हावी दुकान सोडून बघायला आला.

इगारीनं ते सगळं पुढे कंपनीच्या ॲपमध्ये सगळ्यांसाठीच घातलं. मग आओमोरीहून, कागोशिमाहून, कुठून कुठून आंधळ्या रसिकांचे फोन मास्तरांना यायला लागले. तबकडी घ्यावी की फाइल, असं ते विचारायचे. मास्तर म्हणायचे, "आवाजासाठी भांडू नका, दोन्हींत सारखाच. ज्याच्यापर्यंत तुमचा हात पोचतो ते घ्या. पोचत नसेल तर पोचेपर्यंत कंपनीला फोन करत राहा. नंबर देऊ?" तोवर पेशंट पाठीत सुया घेऊन वाट बघत पडलेले.

शरद ऋतूत कंपनीनं त्यांना नागानोला बोलावलं. नवा प्लेअर बनत होता, आणि तो बाजारात जायच्या आधी मास्तरांच्या हाताखालून जावा असं इगारीचं म्हणणं पडलं. दोघं नवराबायको गेले, सफरचंदांची पेटी घेऊन परत आले. मी सफरचंद कापत होते तेव्हा मास्तर बाकावर ऐसपैस बसून सांगत होते, "यंत्राला पुढून खरी बटणं बसवली, मिसाओ. टक्क वाजणारी. त्यातली दोन माझ्या सांगण्यावरून."

"तीन," वहिनी म्हणाल्या. "आवाजाचं विसरलात."